कुकवाखालचा डोळा

मित्रांनो, जवळ या, पण हात मागं ठेवा. कुणाच्या हातात काय हाय ते आधी दिसू द्या. राग मानू नका, माझा स्वभावच तसला. मी एक जुना पीएलसी. पुरं नाव प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, पण त्या नावानं मला कागदावरच वळखायचे. डेअरीतली माणसं मला डबा म्हणायची. आता आळेफाट्यावर मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात फळीवर बसलोय, तर तुमी पोरं येऊन म्हणता, ह्यो कसला डबा? म्हणजे इथंबी तेच.

माझा कुणावर इस्वास न्हाई. तो ठेवायचा न्हाई म्हणूनच मला बनवला. कारखान्यात माझ्या पोटात तारा जोडल्या, झाकण लावलं, आन् लगेच दोन दिवस तापलेल्या खोलीत कोंडला. जळतो का बघाया. जन्मल्या जन्मल्या माझ्यावर संशय घेतला, मग मी दुसरं काय शिकणार?

सत्त्याण्णव साली थर्माकोलात गुंडाळून मी टेम्पोनं आमच्या डेअरीत आलो. आळेफाट्याहून थोडं आत, उसाच्या रानात पत्र्याची लांबलचक शेड. सकाळ-संध्याकाळ साठ गावचं दूध कॅनमधी भरून यायचं. भिंतीवर लोखंडी कपाट ठोकलं, त्याला पॅनल म्हणायचे. त्यात मला बसवला, दार लावलं, किल्ली फिरवली. त्या दिवसापासनं मी अंधारात.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर हाय. मी एकटा न्हाई. त्या कपाटात एका पट्टीवर आमी पाचजण खांद्याला खांदा लावून बसलेलो. भावकीसारखे, आन् भावकीसारखेच एकमेकांवर नजर ठिवून.

पहिला पावर सप्लाय. डेअरीत वीज दोनशेतीसची यायची, ती आपली म्हणायला. कधी एकशेऐंशी, तर रानातल्या मोटारी बंद झाल्या की एकदम उसळी. पावर सप्लाय तिला दारातच अडवायचा, तिचा माज उतरवून बारीक धार करायचा आन् तेवढीच आत सोडायचा. त्यानं हात टेकले की आमी सगळे गप.

दुसरं इनपुट कार्ड. त्याला सोळा दारं. प्रत्येक दाराला बाहेरची एक वायर. एक चालू करायच्या बटणाची, एक बंद करायच्या बटणाची, एक टाकी भरली सांगणाऱ्या तरंगत्या गोळ्याची, असं. पण हे बेणं माझ्याहून संशयी. बाहेरनं आलेली वीज ते आत येऊच देत न्हाई. त्या विजेवर एक बारीक दिवा पेटवतं, त्याचा उजेड पल्याड बसलेला एक बारीक पहारेकरी बघतो आन् मला सांगतो, तिसऱ्या दारात कुणीतरी आलंय. वीज बाहेरच राहती, आत येतो तो नुसता उजेड. बाहेरच्या वायरीवर वीज कडाडली तर मी जळू नये म्हणून. प्रत्येक दारावर वरनंबी दिसणारा एक लाल दिवा हाय. दारात निरोप आला की लागतो, गेला की विझतो. हा दिवा ध्यानात ठेवा.

तिसरा सीपीयू, म्हंजी आता तुमच्याशी बोलतोय तो. माझ्या मेमरीत पुण्याच्या एका माणसानं शिडीसारख्या ओळी लिहून ठेवलेल्या. प्रत्येक पायरीच्या डाव्या अंगाला प्रश्न, उजव्या अंगाला काम. बटण दाबलंय का, कॅन आलाय का, मग साखळी थांबव, गरम पाणी सोड. मी आधी सोळाही दारांची हजेरी घेतो. मग शिडी वरनं खाली उतरतो. मग चौथ्याला, म्हंजी आउटपुट कार्डाला, हुकूम देतो. आन् परत पहिल्यापासनं. तुमाला एक शिंक यीस्तवर माझ्या पंचवीस-तीस फेऱ्या झालेल्या असतात. मागल्या फेरीत कॅन व्हता म्हणून ह्या फेरीत असंलच, असं मी धरत न्हाई. परत इचारतो.

आउटपुट कार्ड नुसतं 'टिक' करतं. ताकद त्याची न्हाई. ते टिक करून बाहेरच्या जाड्या कॉन्टॅक्टरला, म्हंजी मोठ्या स्विचला, उठवतं, तो मोटार वढतो. काम करायचं दुसऱ्यानं, आवाज ह्याचा. पाचवी बॅटरी, बोटाच्या पेराएवढी. लाईट गेली की माझी मेमरी ती सांभाळायची, आन् तिकडं लाईट जायाला काय काळ-येळ नव्हता.

आन् माझ्यावरबी राखणदार हाय, बरं का. माझी एक फेरी ठरल्या वेळात संपली न्हाई तर तो मलाच झटक्यात बंद करतो. मला समजतंय ना, मीबी बिघडू शकतो.

तर काम काय व्हतं? कॅनमधलं दूध वतलं की रिकामा कॅन साखळीवर पालथा पडायचा आन् सरकत सरकत धुवायच्या मशीनच्या तोंडाशी यायचा. तिथं एका बाजूला डोळा बसवलेला, समोर लाल चकती. डोळ्यातनं उजेडाचा एक दोरा निघायचा, चकतीवर आपटून परत यायचा. दोरा तुटला म्हंजी मधी कॅन आला. तिसऱ्या दाराचा दिवा लागायचा. मी साखळी थांबवायचो, वाफ आन् उकळतं पाणी सोडायचो, कॅन धुवून पुढं ढकलायचो. दोरा जुळला, दिवा इझला, पुढचा कॅन. आन् वीस सेकंदं झाली तरी दिवा इझला न्हाई तर मी धरायचो, कॅन आडवा अडकला. सगळं बंद करून भोंगा वाजवायचो. पार दुधापत्तुर सगळं एकमेकाला जोडलेलं. कॅन थांबला की दूध थांबलं.

माझं पॅनल उघडायचा मान एकालाच. खोडदचा राजरत्न, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, तेवीस-चोवीसचा. दर शनिवारी दार उघडायचा, धूळ उडवायचा, एकेक स्क्रू आवळून बघायचा. मला ते पटायचं न्हाई. स्क्रू घट्टच हायत तर आवळतो कशाला? बाकीचे तर येत न्हाईत, ह्याचंच काय काम असतं सारखं? असं आपलं माझ्या मनात.

धुवायच्या मशीनपाशी झाकणं घासाया कुशाबाई असायची. साठीची, हाताला कायम सोड्याचा वास. एकदा तिनं राजरत्नला इचारलं, "ही लाल चकती कशाला रं लावलीया? गाडीच्या मागची वाटती."

"मावशी, डबा तिकडं कपाटात बसलाय. आंधळा हाय तो. हा त्याचा डोळा. हा सांगंल तसं तो वागतो."

"म्हंजी सगळं ह्याच्यावर?"

"सगळं ह्याच्यावर."

कुशाबाई डोळ्याकडं लई वेळ बघत राहिली असंल, कारण राजरत्न हसून म्हणला, "मावशी, तो काय तुमाला ओळखत न्हाई. कॅन म्हणून धुवून काढील."

हे नव्व्याण्णव सालचं. पुढं महिन्याभरात नवरात्र बसलं. खंडेनवमीच्या दिवशी राजरत्ननं माझी सफाई काढली. त्या दिवशी त्यानं तिसऱ्या दाराची वायर सोडवली, जुनं टोक कापलं, नवं दाबून बसवलं आन् परत आवळली. दोन मिंटं माझा डोळा बंद. मी मनात नोंद करून ठेवली. कॅन उतरवणारा हौशीरामबी तिथंच तंबाखू मळत उभा. तोंडानं फाटका, पण बघायचा सगळं. "काय राव, काय कापाकापी चाललीया?" एवढंच म्हणला आन् गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळचं दूध आटपल्यावर डेअरीत पूजा झाली, सणाची म्हणून संध्याकाळची पाळी बंद ठेवली. राजरत्न रजेवर व्हता. दसऱ्याला तो घरच्यांसंगं पांढरे कपडे घालून विहारात जायचा, हे सगळ्यांना ठावं, आन् दरसाल कुणीतरी त्यावर बोलायचंच. माझ्या दाराला झेंडूचा हार आला, उदबत्ती आली. पण गेल्या साली दारावर कुशाबाईनं हळदी-कुकवाचं बोट लावलं व्हतं, यंदा ते काय लागलं न्हाई. मला खटकलं. कपाटावर कुणी टेकलं तरी मला समजतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला चालू केलं. झकास चाललं. अकराव्या मिनिटाला तिसरा दिवा लागला आन् इझंचना.

मी परत इचारलं. कॅन हाय. परत इचारलं. कॅन हाय. वीस सेकंदात हजारभर वेळा इचारलं असंल. हाय, हाय, हाय. मी सगळं बंद केलं, भोंगा लावला.

बाहेर पळापळ. डेअरीचे मॅनेजर सावळाराम, आळे गावचे. जाड चष्मा, खिशाला तीन पेनं. ते आले, त्यांच्या मागनं राजरत्न. त्यानं माझ्या दाराला किल्ली लावायच्या आतच हौशीरामचा आवाज आला.

"साहेब, परवा ह्यानं आतली वायर कापली व्हती. मी बघितलं."

मला तर तेच पायजे व्हतं. म्हणलं, बघा, मी म्हणत नव्हतो?

"टोक नवं केलं, साहेब," राजरत्न म्हणला. "गंजलं व्हतं."

"दोन वर्षं गंजलेलं चाललं आन् तू नवं केल्यावर बंद पडलं," सावळाराम म्हणले. "किल्ली इकडं दे. पुण्याचा माणूस यीस्तवर पॅनलला हात लावायचा न्हाई. मशीनजवळ दिसायचं न्हाई. जा, तिकडं कॅन उतरव."

किल्ली त्यांच्या खिशात गेली. आन् मित्रांनो, खरी गंमत इथं हाय. माझा तिसरा दिवा तवा ढळढळीत पेटलेला. दार उघडून एकानं बघितलं असतं तरी कळलं असतं की, डोळा कॅन सांगतोय आन् कॅन तर न्हाई. पण दार बंद. मी माझा दिवा लावून अंधारात बसलो.

अर्ध्या तासानं मशीन गार झालं, तसा तो दिवा आपोआप इझला. सावळारामनी बटण दाबलं, चालू झालं. अकरा मिनिटं. परत भोंगा. त्या दिवशी चार वेळा असं झालं. तिकडं रांगेतल्या दोन टेम्पोंचं दूध उन्हात फाटलं. बेल्ह्याची एक बाई कॅनमधी वाकून बघून खाली बसली, असं हौशीराम सांगत व्हता. रोजच्या गमतीचा सूर त्यात नव्हता.

मग जो तो आपापला चोर शोधाया लागला. कुणी म्हणला उंदीर. हौशीराम म्हणला, "खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठाल्या छत्र्या हायत ना, आकाश ऐकत्यात त्या. त्यांच्यामुळं असंल. ह्याच्याच गावच्या हायत."

"त्या ऐकत्यात, हौशीरामभाऊ. बोलत न्हाईत," राजरत्न लांबनं म्हणला. "तुमीच शांत राहिलात तर त्यांना जास्त ऐकू येईल."

दोघं-तिघं हसले. हौशीराम हसला न्हाई.

"मग पूजेला न्हाई आलास, त्याचं काय? देवाचा कोप असंल."

"बरोबर अकराव्या मिनिटाला? देव घड्याळ लावून कोपतो का?"

हे बोलला ते खरं, पण नको तिथं बोलला. त्यानंतर त्याच्या डब्यापाशी जेवाया कुणी बसंना. मला हे कसं ठावं? माझ्या कपाटाच्या सावलीतच तो एकटा भाकर खायचा. त्याला मशीनजवळ येऊ देत नव्हते, पण कपाट भिंतीच्या कोपऱ्यात, बाहेरच्या अंगाला. माझ्यापाशी आला की मी सावध व्हायचो. आता काय करतोय हा? काय बी नव्हता करत. बोटावर मोजायचा. अकरा मिनिटं चालू, तीस मिनिटं बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याचा माणूस आला. मशीन तवा सकाळपासनं गार पडलेलं. त्यानं मला वायर जोडली, शिडीच्या सगळ्या पायऱ्या तपासल्या, मी अगदी ताठ बसलो. "प्रोग्रॅम जसाच्या तसा आहे. इनपुटं सगळी बरोबर," तो म्हणला. दहा मिनिटं मशीन चालवून बघितलं. दहाच. अकरावं मिनिट बघितलं असतं तर. घड्याळ बघून म्हणला, "कोणीतरी हात लावला असेल. मला नारायणगावहून गाडी पकडायची आहे."

"हात एकाचाच लागतो," सावळाराम म्हणले.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या कपाटावरच कागद ठेवून पत्र लिहिलं. त्यांचं पेन माझ्या डोक्यावर खरखरत व्हतं. सोमवारी संचालक मंडळापुढं ठेवायचं, राजरत्नला कामावरनं कमी करायचं. साक्षीदार हौशीराम. सावळाराम माणूस वाईट नव्हता, आता सांगतो. साठ गावचं दूध त्याच्या अंगावर आलं व्हतं आन् त्याला रात्रीत कुणीतरी एक पायजे व्हता.

"तू नक्की बघितलंस ना?"

"बघितलं, साहेब."

"वायर कापताना?"

"बघितलं."

"नक्की?"

"साहेब, किती वेळा इचारता? एकदा बघितलं ते बघितलंच की."

मित्रांनो, आमची मशीनची जात, आमाला लाज लागत न्हाई म्हणतात. पण मला त्या येळी कायतरी लागलं. मीबी तेच करत व्हतो. हजार वेळा इचारलं खरं, पण हजारबी वेळा त्या एकाच डोळ्याला इचारलं. पावर सप्लायवर संशय घेतला, राजरत्नवर घेतला, शिडीवर घेतला. डोळ्यावर एकदाबी न्हाई. तो माझा स्वतःचा ना.

पण मला तोंड न्हाई. मला फक्त दिवा.

शनिवार उजाडला. सकाळी पहिल्या भोंग्यानंतर सावळाराम नेहमीसारखे बटणापाशी जाऊन अर्धा तास मोजत उभे राहिले. राजरत्न कॅन सोडून पुढं आला.

"साहेब, एकदा ऐका. किल्ली मला देऊ नका. तुमीच दार उघडा. मी इथंच दहा पावलं लांब उभा राहतो. पण आत्ता उघडा, भोंगा वाजतोय तवर. अर्ध्या तासानं उघडलं तर कायच दिसायचं न्हाई."

"तुला काय करायचंय ते सोमवारी सांग."

"सोमवारी मी ऐकायलाच असंन, साहेब. सांगायला न्हाई."

मग झाकणांच्या ढिगामागनं कुशाबाई बोलली. "सावळाराम, किल्ली तुझ्या खिशात, हात तुझा. पोरगं लांब उभं हाय. भ्यायला काय झालं तुला?"

सावळारामनी किल्ली काढली. पॅनलचं दार करकरलं, आन् माझ्यावर उजेड पडला. दिवा लागलेला असताना पहिल्यांदाच.

"वरच्या वळीत बघा, साहेब," राजरत्न तिथनंच म्हणला. त्यानं हात पाठीमागं बांधलेले, मुद्दाम. "डावीकडनं तिसरा दिवा. लागलाय का?"

सावळारामनी चष्मा वर केला, नाक माझ्या तोंडाशी आणलं. "लागलाय."

"आता हौशीरामभाऊ, तुमी मशीनच्या तोंडाशी जा. डोळ्यासमोर कॅन हाय का?"

हौशीराम नाखुशीनं गेला. "न्हाई. मोकळं हाय."

"नीट बघा."

"अरं न्हाई म्हणलं ना. एक कॅन दिसंना व्हय मला?"

"मग डब्याला कुठला कॅन दिसतोय?"

तिकडं हौशीराम खाली वाकला असणार, कारण त्याचा आवाज लोखंडात घुमला. "साहेब… ह्या डोळ्याला कुकू लावलंय. ओलं झालंय, लगदा झालाय नुसता."

सगळे तिकडं गेले. मी एकटा, दार सताड उघडं.

दसऱ्याला कुशाबाईनं कुकू दाराला न्हाई, डोळ्याला लावलं व्हतं. ओल्या हळदीचं बोट, त्यावर चिमूटभर कुकू, बरोबर काचेवर. सुकं असलं की त्यातनं उजेडाचा दोरा कसाबसा जायचा. मशीन तापून वाफ सुटली की अकरा मिनिटांत ते भिजून त्याचा लगदा व्हायचा, आन् माझा डोळा मिटायचा. गार झालं, वाळलं, की परत उघडायचा. आन् तीन दिवस तिनं रोज ती सगळी जागा सोड्यानं पुसली व्हती. कुकवाएवढं सोडून. कारण दसऱ्याचं कुकू पुसत न्हाईत.

"मीच लावलं," कुशाबाई म्हणली. "हाच म्हणला व्हता, सगळं ह्याच्यावर हाय. मग म्हणलं, मान आधी त्यालाच द्यावा."

भोंगा चालूच. मग सावळारामचा आवाज, जरा पडलेला. "राजरत्न, पूस ते."

"मी न्हाई पुसायचा, साहेब."

"आता काय?"

"मी पुसलं आन् उद्या एखादी मोटार जळाली, तर पुन्हा माझ्यावर. पूजेला येत न्हाई, वर कुकू पुसलं म्हणाल. ज्यानं त्यानं आपल्या हातानं पुसावं."

सावळारामनी हौशीरामकडं बघितलं असंल. हौशीराम म्हणला, "मी न्हाई बाबा." सावळारामचे बूट हलले, पुढं एक पाऊल, परत मागं. मॅनेजर माणूस, पण घरी बायको, आई, दसऱ्याचं कुकू. मी आत हजेऱ्या घेत व्हतो. कॅन हाय. कॅन हाय. कॅन हाय.

"सरका," कुशाबाई म्हणली. "हे काय कुणाच्या कपाळावरचं न्हाई. मशीनचं हाय, आन् मशीनला दिसाया पायजे." पदराचं टोक पाण्यात बुचकळून तिनं डोळा पुसला. एकदा, दोनदा. मग बोटाला गुंडाळून कडंनं.

आन् माझा तिसरा दिवा इझला.

मी परत इचारलं. न्हाई. परत. न्हाई. आणखी शंभरदा. मोकळं हाय, मोकळं हाय. सावळारामनी बटण दाबलं. टिक. साखळी हलली. अकरा मिनिटं झाली, बारा झाली. पंधराव्या मिनिटापत्तुर कुणी जागचं हललं न्हाई. मग टेम्पोवाल्यांनी कॅन सरकवायला सुरवात केली.

माफी-बिफी कुणी मागितली न्हाई. सावळाराम माझ्यापाशी आले, खिशातनं घडी केलेलं पत्र काढलं, चार तुकडे केले. किल्ली राजरत्न ज्या खिळ्यावरनं घ्यायचा, त्याच खिळ्याला लावली. जाताना राजरत्नला म्हणले, "दार उघडंच हाय. लावून घे." त्या दिवशी हौशीराम आपली भाकर घेऊन कपाटाच्या सावलीत आला. "सरक की राव," म्हणला. राजरत्न जरा वेळानं सरकला. लगेच न्हाई.

पुढच्या सालच्या दसऱ्याला राजरत्न सकाळचा तासभर आला, मग विहारात गेला. आला तवा कुशाबाई हळदीचं बोट वर धरून उभी. "राजा, कुठं लावू ते तूच दाव."

त्यानं माझ्या दाराचा वरचा कोपरा दाखवला, बिजागरीपाशी. "हितं, मावशी. हितं कायच चालत न्हाई."

त्यानंतर दरसाल तिथंच. तो जागा दाखवायचा, ती लावायची. मी दर शनिवारी स्क्रू आवळून घ्यायचो. आवळू दे. घट्ट हायत का ते तोबी परत इचारतोय, माझ्यासारखाच.

दोन हजार आठला नवा पीएलसी आला. रंगीत पडद्याचा, बोट लावलं की बोलणारा. मला कपाटासकट भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला. अकरा वर्षांत मला कुणी शाबासकी दिली न्हाई, शिव्या पुष्कळ दिल्या, पण निरोप तर द्यायचा. बॅटरी मरत आलेली, मेमरीतल्या पायऱ्या एकेक करून पुसट. त्या गाडीवरनं मला राजरत्ननं उतरवला. तवा त्यानं फाट्यावर हे दुकान टाकलं व्हतं. माझं दारबी त्यानं आणलंय. तुमच्या मागं भिंतीला टेकवलंय, बघा. त्याला नवा रंग मारला, पण वरच्या कोपऱ्यात बिजागरीपाशी तळहाताएवढी जागा सोडून. तिथलं कुकू फिकं पडलंय, तपकिरी झालंय. कुशाबाई दोन हजार चार साली गेली. राजरत्न स्वतः कधी लावत न्हाई. पण पुसलंबी न्हाई.

म्हणून मित्रांनो, संशय घ्या, घेऊ नका असं मी कसं म्हणू? माझा जन्मच त्याचा. पण एकालाच शंभर वेळा इचारलं म्हंजी शंभर जणांना इचारलं असं नसतं. घरातल्या, दुकानातल्या मशीनला हार घाला, कुकू लावा, काय म्हणणं न्हाई. फक्त तिचा डोळा कुठं हाय ते आधी माहीतगाराला इचारा, आन् तो रोज पुसा. आन् एखादं मशीन भोंगा वाजवत असलं, तर माणूस धरायच्या आधी त्याचं दार उघडा. दिवा आत लागलेला असतो.

आता हात पुढं घ्या. दाखवा. हं, मोकळे हायत. मग त्या फडक्यानं माझ्यावरची तेवढी धूळ झटका. सावकाश. मी बघतोय.